कामाची जागा कुठवर?

गेल्या शतकातल्या नव्वदच्या दशकात, मध्यावर केव्हातरी, पुणे महानगरपालिकेने शहरातल्या कचरा वेचणाऱ्या बायकांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. असे करणारी ती देशातली पहिली महापालिका. त्याआधी ही बाई पोलिसाच्या नजरेत संशयित होती, वॉचमनच्या नजरेत चोर होती, आणि ज्या सोसायटीची घाण ती उपसत होती त्या सोसायटीच्या नजरेत तीच घाण होती. गळ्यात ओळखपत्र आल्यावर ती कामगार ठरली. स्त्रियांना कामाच्या ठिकाणी मिळणाऱ्या वागणुकीविषयीच्या पुस्तकाची प्रस्तावना मी हिंजवडीच्या काचेच्या इमारतींपासून न करता कचराकुंडीपासून करतो आहे, ती या ओळखपत्रासाठी.

समान पगार, बढती, बाळंतपणाची रजा, छळाची तक्रार या सगळ्या गोष्टी महत्त्वाच्या आहेत आणि पुढच्या पानांत त्या येतील. पण त्या सगळ्यांच्या आधी एक गोष्ट ठरावी लागते. ही बाई राबते आहे ते काम आहे, आणि जिथे राबते आहे ती कामाची जागा आहे, हे कुणी मानले आहे का? जोवर ते मानले जात नाही तोवर कायद्याचे एकही कलम तिच्यापर्यंत पोचत नाही. पुण्यातल्या स्त्रियांच्या कामाचा इतिहास वाचताना मला वारंवार हेच दिसत आले आहे: कामाच्या जागेची हद्द प्रत्येक वेळी कुणीतरी बाईने पुढे सरकवली, मग कायदा तिच्यामागून आला. आपणहून कुणी ती सरकवून दिल्याचे उदाहरण मला सापडलेले नाही.

सावित्रीबाईंपासून सुरुवात करू. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. शाळेत जाताना अंगावर शेण-चिखल झेलणाऱ्या सावित्रीबाई आपण पाठ्यपुस्तकात वाचतो, त्यांच्या धैर्याला नमस्कार करतो आणि पान उलटतो. पण शिक्षिका म्हणून कामावर निघालेल्या एका बाईला कामाच्या वाटेवर छळले जात होते, असा त्या प्रसंगाचा सरळ अर्थ आहे. वर्गाच्या दारापर्यंत पोचणे हाच त्या नोकरीचा सर्वांत अवघड भाग होता. साठ वर्षांनी, १९०९ मध्ये, रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभे केले आणि तिथल्या स्त्रिया ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. परक्या पुरुषाला, परक्या जातीच्या माणसाला हात लावण्याचे हे काम त्या काळच्या घरंदाज कुटुंबांना अजिबात मानवणारे नव्हते. त्यात अनेक विधवा होत्या, ज्यांना घरात फुकट राबण्याची मुभा होती आणि बाहेर पगार घेऊन राबण्याची नव्हती. रमाबाईंनी तो फरक ओळखला. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. तेच पुढे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ झाले, आणि त्याच विद्यापीठाचा पुढचा दुवा आपल्याला परत कचऱ्याच्या ढिगाकडे नेतो.

त्या विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण नव्वदच्या आसपास कचरा वेचणाऱ्या मुलींना अक्षरओळख करून द्यायला वस्त्यांमध्ये गेल्या. मुली वर्गात बसेनात, कारण पहाटे त्या आईबरोबर कुंड्यांवर असत. मग या दोघी त्यांच्याबरोबर कुंड्यांवर गेल्या. तिथे त्यांना जे दिसले त्यातून पुढचे सगळे घडले. पाठीवर पोते, हातात लोखंडी आकडा, उघड्या हातांनी उष्टे-खरकटे, काचा, सुया चिवडत या बायका कागद, पत्रा, प्लॅस्टिक वेगळे काढत होत्या. हे सगळे शहराच्या कामाचे होते, आणि महापालिकेच्या दप्तरात त्यांची नोंदही नव्हती. सुका कचरा घरीच वेगळा ठेवून या बायकांना द्यावा असे काही रहिवाशांना पटवण्यात यश आले. कचऱ्यात मिसळण्याआधीच माल हाती येऊ लागला, कमाई वाढली, बसून जेवायला वेळ मिळू लागला. लगेच एका व्यावसायिकाने गाडी लावून तोच कचरा दारोदार गोळा करण्याचा धंदा सुरू केला. ज्या मालाला काल कुणी हात लावत नव्हते तो स्वच्छ झाल्याबरोबर मालक उभा राहिला. बायकांनी गाड्या अडवल्या.

मे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी हमाल पंचायतीचे बाबा आढाव होते. आठशेहून अधिक कचरावेचक तिथे आले आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. हमालांची संघटना पुण्यात आधीपासून होती, म्हणून ही झाली, असे सांगण्याची पद्धत आहे. ते अर्धेच खरे आहे. हमालाला निदान बाजार ओळखत होता. त्याच्या पाठीवरच्या पोत्याचा मालक होता, त्याला मजुरी देणारा व्यापारी होता. कचरा वेचणाऱ्या बाईला मालकच नव्हता. मागणी करायची कुणाकडे? पंचायतीने उत्तर दिले: महापालिकेकडे. शहराचा कचरा उचलणे ही महापालिकेची जबाबदारी, ती जबाबदारी या बायका फुकट पार पाडताहेत, तेव्हा हिशेब महापालिकेने द्यावा. या युक्तिवादाला पुढे आकड्यांचाही आधार मिळाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी २००१ मध्ये झालेल्या अभ्यासात, कचरावेचकांमुळे महापालिकेच्या वाहतूक खर्चात किती बचत होते याचा अंदाज मांडला गेला. ओळखपत्रांनंतर काही वर्षांनी महापालिकेने त्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली, ती याच हिशेबातून. बायका आजारी पडतात म्हणून दया आली, असे ते नव्हते.

या धंद्यातली स्त्री-पुरुष विभागणी नीट पाहण्यासारखी आहे. कुंडीत हात घालणाऱ्यांत बहुसंख्य बायका, आणि त्यातही मातंग, नवबौद्ध अशा दलित समाजांतल्या. भंगाराच्या दुकानात काट्याशी बसणारा बहुधा पुरुष. हात जितका घाणीत, तितकी कमाई कमी; हात जितका काट्याजवळ, तितकी जास्त. म्हणून पंचायतीने स्वतःची भंगार दुकाने काढली, पतसंस्था काढली. काटा बायकांच्या हातात आल्याखेरीज समान वेतनाची चर्चा पोकळ आहे, हे त्यांना कुठल्याही अहवालाआधी समजले होते.

पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. २००८ मध्ये तिने महापालिकेशी करार केला आणि कचरावेचक बायका घरोघरी जाऊन कचरा गोळा करू लागल्या. साडेतीन हजारांच्या आसपास सभासद हे काम करतात. घरटी शुल्क आणि विकलेल्या भंगाराचे पैसे ही त्यांची कमाई. करोनाच्या टाळेबंदीत बाकीचे शहर दारे लावून बसले होते तेव्हा त्या येतच राहिल्या. या व्यवस्थेचे कौतुक जगभर झाले आणि ते योग्यच आहे. तरी त्यातले उणे सांगितले पाहिजे. त्या महापालिकेच्या नोकर नाहीत. आजारपणाची पगारी रजा नाही, कराराची मुदत संपत आली की पुढे काय हा घोर असतो, आणि महिन्याचे शुल्क द्यायला टाळाटाळ करणारी घरे पुण्याच्या प्रत्येक पेठेत, प्रत्येक उपनगरात आहेत. वापरलेले सॅनिटरी पॅड उघडे न टाकता वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, एवढी साधी विनंती या बायकांना मोहीम काढून करावी लागली. मान्यता मिळाली म्हणून मान मिळतोच असे नाही. पण मान्यता आहे म्हणून त्यांना ती विनंती संघटना म्हणून करता आली, एकटीने गयावया करावी लागली नाही.

कचराकुंडी निदान रस्त्यावर, सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. घराच्या आतल्या कामाचे काय? १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. देशातल्या घरकामगारांच्या अगदी सुरुवातीच्या संपांपैकी तो एक. कुठल्या पक्षाने आधी आखून केलेला हा संप नव्हता. बायकांनी काम थांबवले, एका भागातून दुसऱ्या भागात बातमी गेली, आणि मग संघटना झाली. पुणे शहर मोलकरीण संघटना त्यातूनच उभी राहिली. मागण्या अगदी साध्या होत्या: पगार वाढवा, आजारी पडले तर कामावरून काढू नका, हक्काची सुट्टी द्या. त्याच्या पाच वर्षे आधी, २४ ऑक्टोबर १९७५ रोजी, आइसलँडमधल्या बहुसंख्य स्त्रियांनी एक दिवस घरचे आणि बाहेरचे सगळे काम बंद ठेवले होते आणि तो देश ठप्प झाला होता. पुण्यातल्या बायकांनी ते ऐकले असण्याची शक्यता फारच कमी. त्यांना आइसलँडची गरज नव्हती. आपण आलो नाही की घरची भांडी तशीच राहतात आणि बाईसाहेबांना कामावर जाता येत नाही, हे त्यांना रोजच्या अनुभवाने ठाऊक होते.

त्या संपाने एक अवघड गोष्ट उघड केली, आणि ती स्त्री-समानतेविषयी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना आजही अडचणीची वाटते. नोकरदार स्त्रीची बरोबरी बऱ्याच अंशी दुसऱ्या बाईच्या स्वस्त श्रमावर उभी आहे. बँकेत, शाळेत, आयटी कंपनीत आठ तास बसणारी स्त्री स्वतःच्या पगारी रजेसाठी, बोनससाठी हक्काने भांडते आणि घरी आल्यावर बाईचा खाडा धरते. मी हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. पुरुषाने घरकामात हात लावला असता तर हा ताण दोन बायकांमध्ये आलाच नसता. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी विनामोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवत होत्या, आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. पाच वर्षांनी, २०२४ च्या सर्वेक्षणात, आकडे झाले २८९ आणि ८८. स्त्रियांचा भार दहा मिनिटांनी हलका झाला, पण ती मिनिटे पुरुषांनी उचलली नाहीत. त्यांची मिनिटेसुद्धा कमीच झाली. तेव्हा घरातल्या कामाचा प्रश्न दोन बायकांच्या भांडणाचा करून पुरुषाने पेपर वाचत बसावे, हे या पुस्तकाला मान्य नाही.

महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला. मंडळ स्थापन होण्यातच वर्षे गेली आणि पुढेही ते बराच काळ निष्क्रिय राहिले. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा मात्र एका बाबतीत स्पष्ट आहे. त्याने कामाच्या जागेच्या व्याख्येत राहते घर घातले आहे. म्हणजे घरकाम करणाऱ्या बाईसाठी तुमचे-माझे स्वयंपाकघर कायद्याच्या दृष्टीने कामाची जागा आहे, आणि तिथे तिचा छळ झाला तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे ती दाद मागू शकते. प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर समितीने ती तक्रार सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची आहे. किती घरकामगार बायकांना हे माहीत आहे? आणि माहीत असलेली बाई तक्रार करील तर दुसऱ्या दिवशी तिला त्या इमारतीत शिरू कोण देईल?

शहराच्या हद्दीबाहेर एक पाऊल टाकू, कारण महाराष्ट्राच्या साखर उद्योगाचा कारभार पाहणारे साखर आयुक्तालय पुण्यातच आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाकडून उचल मिळते ती कोयत्यावर, आणि ती घेतो नवरा. ऊस तोडायला दोघे, मोळी बांधून डोक्यावरून ट्रकपर्यंत नेण्याचे काम बहुतेक बाईचे, पण हिशेबाच्या वहीत बाई स्वतंत्र नाहीच. मग समान वेतनाचा कायदा लावायचा कुणाला? एका दिवसाचा खाडा म्हणजे दोघांच्या मजुरीतून दंड. मासिक पाळीच्या दिवसांतही सुटका नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी २०१९ मध्ये गाजली आणि सरकारने चौकशी समिती नेमली. तपासणी झालेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांचे गर्भाशय काढलेले आढळले. हे वाचून वैद्यकीय गैरप्रकारांवर आपण चिडतो, आणि चिडलेच पाहिजे. पण मुळाशी वहीतला तो एक कोयता आहे. ज्या दिवशी त्या वहीत बाईचे नाव आणि तिची मजुरी वेगळ्या ओळीत लिहिली जाईल, त्या दिवसापासून बाकीच्या गोष्टींना सुरुवात होईल.

आता हिंजवडीकडे वळतो. नोव्हेंबर २००७ मध्ये रात्रपाळीसाठी घरून निघालेल्या एका बीपीओ कर्मचारी तरुणीवर, तिला न्यायला आलेल्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने गहुंजेजवळ बलात्कार करून तिचा खून केला. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २००९ मध्ये, खराडी परिसरातून काम संपवून घरी निघालेल्या एका संगणक अभियंता स्त्रीच्या वाट्याला तेच आले. या शहराने दोन्ही वेळा मेणबत्त्या लावल्या. त्याहून महत्त्वाचे असे की प्रश्न विचारला गेला: गाडी कंपनीने पाठवली असेल तर ती कंपनीची जागा आहे की नाही? २०१३ च्या कायद्याने त्याचे उत्तर होकारार्थी दिले. मालकाने पुरवलेले वाहन हीही कामाची जागा. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला काम द्यायचे तर तिची संमती हवी आणि सुरक्षिततेची, घरी पोचवण्याची व्यवस्था मालकाने करायला हवी, असे आले. कारखान्यांच्या बाबतीत १९४८ च्या कायद्यातली रात्रपाळीची बंदी महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीने अशाच अटींवर सैल केली.

रात्रपाळीवरची जुनी बंदी स्त्रियांच्या भल्यासाठी होती असे म्हणणारे आजही भेटतात. मला ते पटत नाही. परिचारिका तर कित्येक दशके रात्रपाळी करतच होत्या, आणि त्यांच्या सुरक्षिततेची काळजी कुणी केलेली दिसत नाही. बंदीचा खरा परिणाम असा होता की जास्त पगाराची पाळी आणि बढतीची पायरी पुरुषांकडे राहिली. मोकळीक हवीच, पण गाडी, दिवे, स्वच्छतागृह आणि विश्रांतीची खोली यांच्यासकट हवी. नुसती संमतीची सही घेऊन ठेवणे म्हणजे जबाबदारी बाईच्याच गळ्यात टाकणे आहे.

कारखान्याच्या फाटकाची एक गोष्ट मराठी वाचकाला तोंडपाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले होते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी थेट जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहिले, पुण्यात मुलाखत झाली आणि त्या तिथल्या पहिल्या स्त्री अभियंता झाल्या. सुधा मूर्ती या नावाने आज सर्व त्यांना ओळखतात. त्याआधी सात वर्षे, १९६७ मध्ये, लीला पूनावाला पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून यंत्र अभियंता होऊन बाहेर पडल्या होत्या आणि १९८७ मध्ये त्या अल्फा लावल कंपनीच्या प्रमुख झाल्या. १९९१ मध्ये कर्व्यांच्याच संस्थेने मुलींसाठी कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दार उघडायला तर सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा आदेश लागला. ३० मे २०२५ रोजी १७ मुलींची पहिली तुकडी तिथून संचलन करीत बाहेर पडली.

या गोष्टी मला प्रिय आहेत. पण पहिली बाई आत शिरल्याच्या आनंदात दुसरी, दहावी, शंभरावी बाई कशी टिकते हे पाहायचे राहून जाते. पहिल्या बाईसाठी एखादा मोठ्या मनाचा माणूस पुरतो. शंभराव्या बाईसाठी स्वच्छतागृह लागते, कपडे बदलायची खोली लागते, दुसऱ्या पाळीनंतरची बस लागते, आणि आपल्या हाताखाली काम करायला न लाजणारा फिटर लागतो. लक्ष्मी रस्त्यावर, तुळशीबागेत दिवाळीच्या गर्दीत दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या मुलींकडे पाहा. केरळमध्ये कापड दुकानांतल्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी आंदोलन केले आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारला कायदा बदलून त्यांना बसायची सोय द्यावी लागली. एका स्टुलासाठी कायदा बदलावा लागतो हे ऐकायला विचित्र वाटेल. पण दुपारी चारला पायांत गोळे आलेल्या मुलीला विचारा.

पगाराच्या बाबतीत आपल्याकडे एक जुना निवाडा आहे, तो फारसा कुणी आठवत नाही. मुंबईतल्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्रे डिकोस्टा या लघुलेखक होत्या. स्त्री लघुलेखकांना पुरुषांपेक्षा कमी पगार होता, आणि कंपनीचे म्हणणे असे की वरिष्ठांच्या खासगी कामासाठी नेमलेल्या या बायकांचे काम वेगळे आहे. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. १९७६ चा समान वेतनाचा कायदा, जो आता वेतन संहितेत सामावला आहे, त्याचा हा ठसठशीत अर्थ होता: कामाला नवे नाव देऊन पगार कमी करता येणार नाही. तरी तीच युक्ती आज सरकारच वापरते. गावोगावच्या, वस्त्यावस्त्यांतल्या अंगणवाडी सेविका आणि आशा पगारावर नाहीत, मानधनावर आहेत. लस, पोषण, बाळंतपण, साथीचे सर्वेक्षण एवढे सगळे करणाऱ्या बाईला स्वयंसेविका म्हणायचे, ही कामाच्या जागेची हद्द जाणूनबुजून आखडती घेण्याची रीत आहे. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले, तेही एका सेविकेने दाद मागितल्यावर.

बाळंतपणाच्या रजेविषयी माझे मत इथे स्पष्ट नोंदवतो, कारण या पुस्तकातल्या काही लेखांशी ते जुळणार नाही. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केले. रजा योग्य आहे. पण कर्मचारी राज्य विम्याच्या कक्षेत नसलेल्या बाईच्या रजेचा सगळा पगार एकट्या मालकाने द्यायचा, ही रचना चुकीची आहे. भोसरीतला तीस माणसांचा कारखानदार मुलाखतीतच मुलीच्या लग्नाचे वय पाहतो, आणि नकाराचे कारण कधीच लिहीत नाही. त्याला पाषाणहृदयी म्हणून प्रश्न सुटत नाही. मूल जन्माला येणे ही साऱ्या समाजाची गरज आहे. तिचा खर्च सामाईक निधीतून झाला पाहिजे, आणि बापालाही सक्तीची रजा मिळाली पाहिजे. अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चे नोबेल मिळाले ते स्त्रियांच्या कामाच्या दोनशे वर्षांच्या अभ्यासासाठी. सारख्याच शिकलेल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईतली तफावत मुख्यतः पहिल्या मुलाच्या जन्मानंतर रुंदावते, हे त्यांनी दाखवून दिले. बाणेर-बालेवाडीच्या कुठल्याही सोसायटीत पाच-सात वर्षांपूर्वी चांगल्या नोकरीत असलेल्या आणि आता मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडणाऱ्या अभियंता स्त्रिया भेटतात. त्यांनी स्वखुशीने सोडले असे घरचे सांगतात. खुशी विचारली गेली होती का, हे त्यांच्याच तोंडून या पुस्तकात वाचा.

अंतर्गत तक्रार समितीबद्दल शेवटी. राजस्थानच्या भटेरी गावात सरकारी कार्यकर्ती म्हणून बालविवाह रोखायला गेलेल्या भंवरीदेवींवर १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. त्यातून १९९७ चे विशाखा निर्देश आले, आणि त्यानंतर सोळा वर्षांनी कायदा. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी समिती हवी, बाहेरची एक सदस्य हवी, चौकशी नव्वद दिवसांत संपायला हवी. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये, कायद्याला दहा वर्षे होऊनही अंमलबजावणीत गंभीर त्रुटी आहेत असे म्हटले. तीस राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी सोळांमध्ये धड समितीच नव्हती, ही बातमी त्या निकालात उद्धृत झाली आहे. त्याच प्रकरणात समितीने घाईघाईने चौकशी उरकल्यामुळे शिक्षा रद्द करून चौकशी नव्याने करायला लावावी लागली. समिती ढिसाळ असेल तर तक्रारदार बाईला न्याय मिळत नाही आणि आरोप झालेल्या पुरुषालाही मिळत नाही. भिंतीवर फलक लावून, वर्षातून एकदा आठ मार्चला गुलाबाचे फूल वाटून हे काम होत नाही. सदस्यांना पुरावा कसा नोंदवायचा, साक्षीदाराला कसे विचारायचे, गुप्तता कशी राखायची याचे शिक्षण लागते, आणि मोठ्या साहेबाविरुद्ध लिहिण्याची हिंमत लागते.

पुढचे लेख सलग वाचलेच पाहिजेत असे नाही. ज्यांना कार्यालयाचे प्रश्न जवळचे वाटतात त्यांनी घरकामगार बायकांचे लेख आधी वाचावेत, आणि ज्या कष्टकरी बायकांच्या गटात हे पुस्तक मोठ्याने वाचले जाईल त्यांनी कायद्याच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. वाचून झाल्यावर तीन कामे करा. आपल्या कार्यालयातल्या समितीवर कोण आहे, ते विचारा. आपल्या घरी येणाऱ्या बाईंची आठवड्याची पगारी सुट्टी त्यांच्याशी बोलून ठरवा आणि दिनदर्शिकेवर लिहा. आणि दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानात, दवाखान्यात किंवा कुणाच्या घरी काम करणारी बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, लेखी तक्रार करू शकते. तिला लिहिता येत नसेल तर समितीने तिला लिहायला मदत करायची आहे. ही माहिती निदान एका बाईपर्यंत पोचवा.